आरशात बघून सेल्फ पोर्ट्रेट: दर बैठकीला चेहरा बदलतो, त्याची कारणं आणि उपाय

पहिल्या बैठकीत चेहरा बरा जमतो. दुसऱ्या दिवशी कॅनव्हास ईझलवर चढवून आरशात बघावं तर नाक थोडं सरकलेलं वाटतं. नाक दुरुस्त केलं की पलीकडचा डोळा खोटा दिसतो, डोळा हलवला की जबडा रुंद होतो. चौथ्या बैठकीपर्यंत प्रत्येक अवयव एकदा तरी पुसून झालेला असतो, रंग मळलेला असतो आणि चित्रात तुमच्यासारखा दिसणारा कोणी दुसराच बसलेला असतो.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ड्रॉइंग पक्कं करा’. ड्रॉइंग पक्कं हवंच. पण मॉडेल समोर बसवून व्यवस्थित चेहरा उतरवणारेही स्वतःच्या चेहऱ्यापाशी अडखळतात, आणि त्याचं कारण हातात नसतं. इथे चित्रकार आणि मॉडेल एकच आहे. रंग घ्यायला वाकलात की मॉडेल वाकतं, कॅनव्हासकडे वळलात की मॉडेल वळतं, आणि परत जागेवर आलं की नाही हे सांगायला तिसरं कोणी नसतं. म्हणून पुसापुशी करण्याआधी आरसा, बैठक आणि दिवा या तीन गोष्टी तपासायच्या. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

आधी निदान: चूक चित्रात आहे की बसण्यात?

पाच मिनिटांची चाचणी आहे. नेहमीसारखे बसा. एक डोळा मिटा. कोणता ते लक्षात ठेवा, पुढे खुणा जुळवताना दर वेळी तोच मिटायचा आहे. साबणाच्या कोपऱ्याने किंवा व्हाइटबोर्ड मार्करने आरशावरच बारीक खुणा करा: उघड्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा, दुसऱ्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा, नाकाचं टोक, हनुवटीचा तळ. उठा, खोलीत एक चक्कर मारा, परत येऊन सहज बसा. आता डोळ्यांचे दोन कोपरे त्यांच्या खुणांवर आणा आणि बाकीच्या दोन खुणा बघा.

चारही जुळल्या तर बैठक स्थिर आहे, चूक रेखाटनात शोधा. डोळे जुळले पण नाकाचं टोक डावी-उजवीकडे सरकलं असेल, तर डोकं वळलं आहे. नाक आणि हनुवटी खुणेच्या वर किंवा खाली गेली असतील, तर मान वर उचलली आहे किंवा झुकली आहे. दोन कोपरे एकाच वेळी जुळतच नसतील आणि एक खूण वर, एक खाली राहत असेल, तर डोकं खांद्याकडे कललं आहे. आरशावरचा दोन-तीन मिलिमीटरचा फरक ‘एवढंसं’ म्हणून सोडून देऊ नका. नाकाचं टोक डोळ्यांच्या कोपऱ्यांपेक्षा चार-पाच सेंटिमीटरच पुढे असतं, त्यामुळे आरशावर दोन मिलिमीटर सरकलं तरी डोकं चार-पाच अंश वळलेलं असतं. एवढ्या वळणाने पलीकडच्या गालाची कड बदलते, आणि साम्य जातं ते तिथूनच.

एक डोळा मिटण्याचं कारण साधं आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर आरशावरची खूण दोन दिसते किंवा चेहरा दोन दिसतो, कारण खूण काचेवर आहे आणि प्रतिमा तेवढीच काचेच्या मागे. डोळा बदलला तर खूण तीनेक सेंटिमीटर सरकल्यासारखी वाटते. ‘काल जुळत होतं, आज काहीच जुळत नाही’ ही तक्रार बरेचदा एवढ्यामुळे असते.

आरशावरचा चेहरा अर्धाच असतो

वरच्या खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा. डोक्यापासून हनुवटीपर्यंत तुमचा चेहरा २२ सेंटिमीटर असेल, तर काचेवर तो ११ सेंटिमीटर भरेल. जवळ या, लांब जा, काचेवरचं माप ११ च राहतं. प्रतिमा काचेच्या मागे तुमच्याइतकीच लांब असते, काच बरोबर मध्यावर येते, म्हणून माप निम्मं.

ही गोष्ट माहीत नसली की मापाचा गोंधळ अटळ असतो. सुरुवातीला आरशात दिसतो तेवढा, म्हणजे अर्ध्या आकाराचा चेहरा आखला जातो. मग डोळा रंगवताना बारकावे मावत नाहीत म्हणून डोळा मोठा होतो, त्याच्या मागून नाक, आणि कपाळाला जागा उरत नाही. डोळे मोठे, कवटी लहान असलेल्या सेल्फ पोर्ट्रेटमागे बहुतेक हेच असतं.

दोन मापं सोयीची, तिसरं टाळा. एक, बरोबर काचेवरचं माप: चेहरा ११ सेंटिमीटरच्या आसपास, आरसा आणि कॅनव्हास शेजारी-शेजारी एका पातळीत, नजरेने थेट तुलना. दोन, खऱ्या आकाराचं: डिव्हायडरने काचेवर माप घ्यायचं आणि कॅनव्हासवर दुप्पट टाकायचं. मधलं कुठलंही माप, म्हणजे काचेवरच्या दीडपट वगैरे, घेतलं तर प्रत्येक वेळी मनात गुणाकार करावा लागतो आणि तो चुकतो. खऱ्यापेक्षा किंचित मोठा चेहरा तर घेऊच नका, तो बघणाऱ्याला सुजलेला वाटतो.

ब्रश हातभर अंतरावर धरून माप घेण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. हात वर केला की खांदा उचलतो, खांद्यामागे डोकं जातं, आणि आरशात तुमचाच हात चेहऱ्याच्या आड येतो. मापं काचेवरच घ्या.

आरसा कुठला, कुठे, कसा

काच चार-पाच मिलिमीटर जाड आणि सपाट हवी. प्लास्टिकचे आणि पातळ काचेचे आरसे टेकवून ठेवले की वाकतात, मग चेहरा लांबट किंवा रुंद होतो आणि तो दोष चित्रात उतरतो. तपासायला खिडकीच्या चौकटीची सरळ कड आरशात बघा आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडे न्या. कड लाटेसारखी हलली तर तो आरसा या कामाचा नाही. किमान आकार ३० बाय ४५ सेंटिमीटर. दाढीचा गोल आरसा वापरत असाल, तर त्याची एक बाजू बहुतेक मोठं दाखवणारी असते. ती चुकूनही नको.

आरसा टेबलावर ठेवून भिंतीला टेकवणं ही सर्रास होणारी चूक. टेकवलेला आरसा मागे कललेला असतो. त्यात तुम्हाला तुमचे डोळे दिसतात ते खालून वर बघितल्यासारखे: नाकपुड्या उघड्या पडतात, हनुवटी आणि जबडा भारी होतो, कपाळ आखूड. भाव गर्विष्ठ येतो आणि माणूस तो भाव बदलायला ओठांशी झगडत बसतो, जिथे काहीच चुकलेलं नसतं. आरसा उभा करा, मध्य डोळ्यांच्या उंचीवर. ओळंब्याने तपासा: आरशाच्या वरच्या कडेवरून मागच्या बाजूने वजन बांधलेला दोरा सोडा. दोरा तळाशीही आरशाच्या पाठीला टेकूनच राहायला हवा. ४५ सेंटिमीटर उंच आरशाच्या तळाशी चार सेंटिमीटर फट पडली, तर तो पाच अंश कललेला आहे.

अंतराचं गणित जरा सावकाश बघण्यासारखं आहे. आरसा ३० सेंटिमीटरवर ठेवला तर तुम्ही स्वतःला ६० सेंटिमीटरवरून बघता. इतक्या जवळून नाक कानांच्या तुलनेत सुमारे २० टक्के मोठं दिसतं, कारण ते बघणाऱ्याला दहा-बारा सेंटिमीटर जास्त जवळ असतं. आरसा ७० सेंटिमीटरवर नेला की बघण्याचं अंतर १४० होतं आणि हा फरक आठ-नऊ टक्क्यांवर येतो. समोर बसलेल्या माणसाला आपण साधारण इतक्याच अंतरावरून बघतो, म्हणून हे प्रमाण डोळ्याला ओळखीचं वाटतं. ‘नाक बरोबर मोजलंय, तरी मोठंच वाटतं’ असं झालं, तर आधी आरशाचं अंतर मोजा.

उजव्या हाताने रंगवणाऱ्याने आरसा कॅनव्हासच्या डावीकडे ठेवावा, डावखुऱ्याने उजवीकडे. नाहीतर रंगवणारा हात सतत आरशाच्या आड येतो आणि तुम्ही मान काढून डोकावत राहता. दोन्हींच्या कडा एकमेकींना भिडवा, दोन्ही डोळ्यांपासून ६५-७० सेंटिमीटरवर, आणि असे बसा की चेहरा आरशाच्या कॅनव्हासकडच्या कडेजवळ दिसेल, कडेपासून सहा-सात सेंटिमीटर आत. चेहरा आरशाच्या मधोमध आणला की कॅनव्हास दूर पडतो आणि प्रत्येक नजरेला मान वळते.

बैठक खुणांनी बांधून घ्या

उभं राहून रंगवण्याची सवय असेल तरी सेल्फ पोर्ट्रेटसाठी बसा. उभं राहिलं की वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, आणि प्रत्येक वेळी डोकं थोडं कलतं.

पाठ नसलेलं, न फिरणारं, न हलणारं स्टूल घ्या. चाकांची खुर्ची आधी बाजूला करा. स्टुलाच्या पायांभोवती, ईझलच्या पायांभोवती आणि आरशाच्या तळाशी फरशीवर चिकटपट्टी लावा. स्वतःच्या पावलांच्या कडाही आखून घ्या. पाय वेगळे पडले की कंबर वळते, आणि कंबरेमागोमाग मान.

नंतर आरशावर खुणा. पण चाचणीसारख्या चार नकोत, आता दोनच ठेवा: उघड्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि हनुवटी. जास्त खुणा केल्या की चेहरा खुणांमधून बघायची सवय लागते. तिसरी खूण आरशावर न करता मागच्या भिंतीवर करा. आरशात डोक्यामागे दिसणाऱ्या भिंतीवर एक उभी पट्टी किंवा दोरा लावा, असा की जागेवर बसल्यावर तो कानाच्या मागच्या कडेला चाटून जाईल. दोरा कानापासून सुटला किंवा कानामागे लपला की तुम्ही जागेवरून हललात. ही खूण खुणांसारखी शोधावी लागत नाही, चेहरा बघताना आपोआप नजरेत राहते. पार्श्वभूमीत ती नको असेल तर शेवटी रंगवू नका, एवढंच.

वळणाची सगळ्यात तीक्ष्ण कसोटी मात्र चेहऱ्यातच आहे: नाकाचं टोक आणि पलीकडच्या गालाची कड यांच्यामधली पट्टी. चेहरा तीन-चतुर्थांश वळलेला, म्हणजे समोरच्या आणि बाजूच्या कोनाच्या मधला, असेल तर ही पट्टी जराशा वळणानेही रुंद-अरुंद होते, तर अलीकडची बाजू फारशी बदलत नाही. कॅनव्हासवर हात टाकण्याआधी दर वेळी ही पट्टी बघा. ती कालच्यासारखी दिसेपर्यंत ब्रश उचलू नका. पलीकडचा कान दिसत असेल तर तो किती दिसतो, हीदेखील चांगली खूण.

आणि एक नियम ठरवून टाका: डोकं आरशाचं, कॅनव्हासकडे जातात ते फक्त डोळे. बरेच जण उलट करतात, तोंड कॅनव्हासकडे ठेवून आरशाकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतात. मग चित्रातला माणूस तिरक्या, संशयी नजरेचा होतो आणि बुबुळाच्या एका बाजूला पांढरं जास्त दिसतं. असा भाव हवा असेल तर ठीक, पण तो नकळत येऊ नये.

वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं उठा. मान आधी थकते आणि थकल्याचं तिला कळत नाही. तास-दीड तास सलग बसलेल्या चित्रात हनुवटी हळूहळू खाली उतरत गेलेली दिसते: वरची पापणी जड, डोळे भुवयांखाली गेलेले, ओठ-हनुवटीमधलं अंतर कमी.

डोळे वेगवेगळीकडे बघतात

ही तक्रार वेगळी हाताळायला हवी, कारण इथे बैठक अचूक असूनही चूक होते.

उजवा डोळा रंगवताना तुम्ही आरशात उजव्या डोळ्याकडे बघता, तेव्हा दोन्ही बुबुळं त्या डोळ्याकडे वळलेली असतात. डावा डोळा रंगवायला घेतलात की दोन्ही डावीकडे वळतात. म्हणजे प्रत्येक डोळा प्रामाणिकपणे, जसा दिसला तसा रंगवूनही दोघांची नजर वेगळ्या क्षणाची असते. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं. स्वतःला १४० सेंटिमीटरवरून बघत असाल तर हा फरक अडीच अंशांचा, खऱ्या मापाच्या चित्रात बुबुळ जवळपास अर्धा मिलिमीटर सरकतं. ६० सेंटिमीटरवरून बघत असाल तर सहा अंश, म्हणजे सव्वा मिलिमीटर. नजरेच्या दिशेबाबत माणूस फार चिकित्सक असतो. एवढ्यावर चित्र तिरळं वाटतं.

उपाय असा. एक डोळा नेमा, शक्यतो अलीकडचा, म्हणजे आरशात जवळ दिसणारा. दोन्ही बुबुळांची जागा ठरवताना नजर त्याच डोळ्यावर ठेवायची. दुसऱ्या डोळ्याचं बुबुळ नजरेच्या कडेने बघायचं: त्याच्या नाकाकडच्या बाजूला पांढरं किती, बाहेरच्या बाजूला किती, एवढंच. हे प्रमाण दोन्ही डोळ्यांत एकाच बैठकीत, एकामागोमाग एक, बारीक ब्रशने टाकून घ्या आणि मग त्याला हात लावू नका. पापण्या, सावल्या, पापणीची ओली कड हे सगळं नंतर कितीही वेळ खुशाल त्या-त्या डोळ्याकडे बघून करा, त्याने नजर बदलत नाही.

एका डोळ्यावरची चमक या बैठकीला खिडकीची आणि दुसऱ्यावरची पुढच्या बैठकीला दिव्याची, असंही होतं. चमक दोन्ही डोळ्यांत बुबुळाच्या त्याच जागी, त्याच आकाराची हवी आणि ती सगळ्यात शेवटी टाकायची. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, आणि तो गालावरच्या उजळ भागापेक्षा बहुधा गडदच असतो. नळीतला पांढरा थेट लावला की डोळे वटारल्यासारखे दिसतात.

कपाळावरच्या आठ्यांचंही इथेच सांगून टाकतो. बारकाईने बघताना भुवया आपोआप आवळतात आणि सेल्फ पोर्ट्रेट रागीट होतं. भुवया आणि ओठ यांच्या वेळी पद्धत बदला: डोळे मिटा, श्वास सोडा, जबडा सैल करा, डोळे उघडा, दोन सेकंद बघा आणि आठवणीतून दोन-तीन फटकारे मारा. परत तेच. सतत टक लावून रंगवलेलं तोंड नेहमी घट्ट मिटलेलं येतं.

प्रकाश: चेहऱ्याला एक, कॅनव्हासला एक

मॉडेलवर दिवा टाकायचा आणि कॅनव्हासवर दुसरा, हे नेहमीचं. इथे दोघं हातभर अंतरावर असल्याने दोन्ही दिवे एकमेकांत मिसळतात. कॅनव्हासचा दिवा चेहऱ्याच्या सावलीत शिरतो, सावली धूसर होते, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना सावल्या दिसायला लागतात. कॅनव्हासच्या दिव्याला काळ्या पुठ्ठ्याची झडप लावा आणि बसल्या जागेवरून बल्ब थेट दिसत नाही याची खात्री करा.

दुसरा चोर दिवा म्हणजे आरसा स्वतः. मुख्य दिवा आरशावर पडला की तो उलटून तुमच्या हनुवटीखाली किंवा सावलीतल्या गालावर येतो. ओळखायला आरशासमोर एक मोठं पुस्तक क्षणभर आडवं धरा आणि सावलीतल्या गालावर हात फिरवा. पुस्तक धरल्यावर हाताची दुसरी सावली नाहीशी झाली तर प्रकाश आरशातून येत होता. दिवा थोडा बाजूला घ्या. पांढरा शर्ट आणि कोरा पांढरा कॅनव्हासही हेच करतात. म्हणून गडद, चमक नसलेला कपडा घाला, दर बैठकीला तोच.

मुख्य दिवा डोक्याच्या वर साधारण ४५ अंशांत आणि बाजूला ४५ अंशांत, दीड मीटरवर ठेवा. अर्ध्या मीटरवर ठेवलेला दिवा छान नाट्यमय वाटतो, पण पाच सेंटिमीटर मागे सरकलात की उजेड सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतो. दीड मीटरवर तेवढ्याच हालचालीने सहा-सात टक्के. उजेडाची छटा पाच हजार केल्विन, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, दोन्ही दिवे एकाच प्रकारचे. खिडकीच्या उजेडात काम करणार असाल तर थेट ऊन न येणारी खिडकी, दिवे बंद, आणि रोज तेच दोन तास. खिडकी आणि पिवळा दिवा एकत्र आले की एक गाल निळसर, दुसरा नारिंगी होतो, आणि संध्याकाळी प्रमाण उलटतं.

त्वचेचा रंग मळका येतो

साधी काच किंचित हिरवट असते, आणि आरशात प्रकाश तिच्यातून दोनदा जातो. पांढरा कागद आरशाला टेकवून कागद आणि त्याचं प्रतिबिंब शेजारी-शेजारी बघा. प्रतिबिंब जरा गडद, जरा हिरवट दिसेल. डोळा हे विसरतो, पॅलेट विसरत नाही.

यावर एक उत्तम युक्ती आहे. रंग मिसळून पॅलेट नाइफच्या टोकावर घ्या आणि नाइफ गालाजवळ धरून आरशात बघा. आता रंग आणि त्वचा दोन्ही एकाच दिव्याखाली, एकाच काचेतून दिसताहेत, त्यामुळे काचेचा रंग दोन्हीकडून वजा होतो. नाइफ इतका तिरका धरा की ओल्या रंगावर चमक येणार नाही. आधी गडद-फिका जुळवा, मग छटा. पाच जागा अशा जुळवून ठेवल्या तरी पुरतं: कपाळाचा उजेड, गाल, नाकाच्या बाजूची सावली, जबड्याखालची सावली, मान.

यलो ऑकर, बर्न्ट सिएना, एखादा थंड (निळसर झाकेचा) लाल, अल्ट्रामरीन, रॉ अंबर आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्यात कुठलाही वर्ण मिळतो. कपाळ पिवळसर, नाक-गाल-कान तांबूस, जबडा करडा किंवा हिरवट, हे पट्टे बहुतेक चेहऱ्यांत असतात. सावळ्या त्वचेत उजेडाची जागा पांढऱ्याने फिकी केली की राख फासल्यासारखी दिसते. तिथे चमक छोटी, तीक्ष्ण आणि दिव्याच्या रंगाची असते, तिच्याभोवतीचा भाग मात्र गडद आणि गरमच ठेवायचा. सावलीसाठी काळा नको, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन पुरतात.

कोऱ्या पांढऱ्यावर पहिला रंग नेहमी जास्त गडद वाटतो, मग हात भीतीने फिका चालतो. रॉ अंबरचा पातळ थर लावून चिंधीने पुसून घ्या, वाळू द्या, मग सुरुवात करा.

तैलरंगात आणखी एक घोटाळा होतो: वाळताना काही भागांतलं तेल खालचा थर शोषून घेतो आणि ते भाग मंद आणि धुरकट पडतात. काल जुळवलेला रंग आज फिका दिसतो आणि तुम्ही त्यावर विनाकारण गडद चढवता. पूर्ण वाळलेल्या त्या भागावर जवसाच्या तेलाचा नुसता पुसट हात फिरवा, जास्तीचं फडक्याने टिपून घ्या. मूळ रंग परत येतो, मगच तुलना करा. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, तिथे मिश्रण अर्धी पायरी फिकं ठेवा.

चष्मा

चष्म्याशिवाय आरसा नीट, कॅनव्हास धूसर किंवा उलट, असं होतं ते अंतरामुळे: कॅनव्हास ७० सेंटिमीटरवर, पण आरशातला चेहरा १४० वर. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर कॅनव्हास बघताना हनुवटी वर जाते आणि आरसा बघताना खाली, म्हणजे दर नजरेला डोकं हलतं. त्यापेक्षा मधल्या अंतराचा एकच नंबर असलेला चष्मा बरा. तो नसेल तर आरसा ५० सेंटिमीटरवर आणा, नाकाची थोडी अतिशयोक्ती पत्करा आणि डिव्हायडरच्या मापांवर जास्त भरवसा ठेवा. चित्रात चष्मा हवा असेल तर काचांवरची दिव्याची चमक दांड्या कानावर किंचित वर उचलून घालवता येते. चष्मा चढवायची ती जागा मात्र दर बैठकीला तीच हवी.

‘हा तू नाहीस’

घरचे असं म्हणतात तेव्हा चित्र चुकलेलं असेलच असं नाही. तुम्ही आयुष्यभर स्वतःला उलटं बघितलं आहे, त्यांनी सुलट. भांग, तीळ, वाकडी भुवई, सगळं त्यांच्यासाठी दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं. डच चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापून घेतल्यावर जानेवारी १८८९ मध्ये केलेल्या सेल्फ पोर्ट्रेटमध्ये पट्टी उजव्या कानावर दिसते, कापलेला कान डावा होता. लंडनच्या केनवूड हाउसमधल्या रेम्ब्राँच्या उतारवयातल्या सेल्फ पोर्ट्रेटच्या क्ष-किरण तपासणीत दिसतं की पॅलेट आणि ब्रश त्याने आधी आरशात दिसले तसे रंगवले होते, मग हात बदलले. म्हणजे दोन्ही मार्ग मान्य आहेत, पण कुठला घेणार ते पहिल्या दिवशी ठरवा. अर्ध्यावर भांग बदलला की छायाप्रकाशही बदलावा लागतो.

सुलट प्रतिमाच हवी असेल तर दोन सपाट आरसे बरोबर काटकोनात जोडा आणि सांध्यात बघा. प्रतिमा दोनदा उलटून सुलट होते. सांधा चेहऱ्यावरून जातो आणि कोन जरा चुकला की चेहरा अरुंद किंवा रुंद होतो, त्यामुळे हे नुसतं साम्य तपासायला वापरावं, रंगवायला नाही. तपासणीसाठी त्याहून सोपं म्हणजे हातातला आरसा: पाठ कॅनव्हासकडे करून चित्र त्यात बघा. तिरका गेलेला डोळा, घसरलेलं तोंड लगेच उघडं पडतं.

बिघडलंच तर दुरुस्तीचा क्रम

एक अवयव खटकला म्हणून तोच हलवायला जाऊ नका. आधी खुणांवर बसा. मग दोन डोळ्यांच्या कोपऱ्यांना जोडणारी रेघ तपासा, तिचा कल. त्यानंतर नाकाचं टोक ते पलीकडच्या गालाची कड. त्यानंतर हनुवटी. हे तीन जुळले तर आतला कुठलाही दोष एका जागचा असतो आणि एका जागी दुरुस्त होतो. यातलं एक जरी जुळत नसेल तर सध्या बसलेला कोन खरा की चित्रातला, हे ठरवा आणि शक्यतो स्वतःला चित्राशी जुळवा. पाय, कंबर, मान या क्रमाने वळून बघा, बहुतेक वेळा जुनी जागा सापडते.

पुसायचं असेल तर ओला तैलरंग नाइफने खरवडा, मग शोषक कागद दाबून उचला. खाली पुसट भूत राहतं, आणि त्याच्यावर नवं रेखाटन नीट बसतं. जाड रंगावर जाड रंग चढवून नाक सरकवलं तर जुन्या नाकाचा उंचवटा तिरक्या उजेडात कायम दिसत राहतो.

बैठक संपताना रंग धुण्याआधी कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीने लिहा: आरशाचं आणि कॅनव्हासचं अंतर, स्टुलाची उंची, दिव्याची उंची आणि जागा, कुठला डोळा मिटला, चष्मा होता की नाही, कपडा, केस कसे होते, वेळ. शेवटी काचेवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजून तेही लिहा, कारण आरसा कोणीतरी पुसतं.